पत्ता आपला, हात दुसऱ्याचा

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि पन्नासहून अधिक माणसं मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल पोहोचला होता. तो कुठून निघाला याचा माग काढत महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाचे अधिकारी नवी मुंबईत सानपाड्याच्या एका निवासी इमारतीतल्या फ्लॅटपर्यंत आले. तिथे नोकरीनिमित्त भारतात आलेला एक अमेरिकन गृहस्थ राहत होता. मेल त्याच्याच इंटरनेट जोडणीवरून गेला होता, याबद्दल तांत्रिक शंका नव्हती. त्याने तो पाठवला नव्हता, एवढंच. त्याच्या वाय-फायला पासवर्ड नव्हता आणि कुणीतरी बाहेरून ते वापरलं होतं. त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही. पण संगणक जप्त झाले, पुन्हा पुन्हा चौकशी झाली आणि त्याचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. पुढच्या दोन महिन्यांत तशाच पद्धतीने माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून असे मेल गेले. जानेवारी २००९ मध्ये तर मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन शहरात उघडी वाय-फाय शोधायची मोहीमच काढली.

घरच्या कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्याकडे एक उत्तर ठरलेलं असतं : ‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?’ चार फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, विजेची बिलं, कुणाचा तरी बायोडेटा. हे उत्तर प्रामाणिक असतं, आणि सानपाड्याच्या त्या गृहस्थानेही कदाचित तेच दिलं असतं. त्याच्या घरातून खरोखरच काही चोरीला गेलं नव्हतं. बाहेरच्या माणसाला त्याचा पत्ता हवा होता. स्वतःचा लपवायला दुसऱ्याचा, निरुपद्रवी, संशय न येणारा पत्ता. घरच्या कॉम्प्युटरची बाजारातली किंमत आत काय साठवलंय यावर ठरते ही आपली समजूतच चुकीची आहे. ती किंमत त्याच्याकडून काय करून घेता येतं आणि कुणाच्या नावाने करून घेता येतं, यावर ठरते. त्या दृष्टीने सामान्य घर हे सर्वांत सोयीचं ठिकाण. तिथे पहारेकरी नसतो, नोंदी कुणी तपासत नाही आणि यंत्र दिवसभर चालू असतं.

या व्यवहाराचा आवाका जगाला कळला तो २०१६ साली. ‘मिराई’ नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर फिरत होता आणि त्याचं काम अगदी साधं होतं. घराघरांतले सीसीटीव्ही कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि राउटर शोधायचे आणि कारखान्यातून येताना त्यांना जे ठरावीक पासवर्ड असतात ते एकेक करून लावून बघायचे. त्याच्याजवळ साठ-बासष्ट जोड्यांची यादी होती. नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’; नाव ‘रूट’, पासवर्ड ‘१२३४५’; किंवा आठचा आकडा सहा वेळा. एवढ्या भांडवलावर लाखो उपकरणं ताब्यात आली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांच्या फौजेने ‘डाइन’ या अमेरिकी कंपनीवर एकाच वेळी मागण्यांचा भडिमार केला. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणं हे डाइनचं काम. ते काम कोलमडलं आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांसारखी स्थळं काही तास असंख्य लोकांना उघडेनाशी झाली. मिराई लिहिणारी एखाद्या शत्रुराष्ट्राची टोळी असेल असा अंदाज होता. निघाली वीस-एकवीस वर्षांची तीन अमेरिकन मुलं. ‘माइनक्राफ्ट’ या खेळाचे सर्व्हर भाड्याने देणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना बंद पाडण्याच्या धंद्यातून हे सगळं सुरू झालं होतं. डिसेंबर २०१७ मध्ये तिघांनी गुन्हा कबूल केल्याचं जाहीर झालं. डाइनवरचा हल्ला मात्र त्यांचा नव्हता, त्यांनी उघड केलेला कोड उचलून इतरांनी केलेला होता. यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मिराई उपकरणाच्या चालू स्मृतीत बसायचा, कायम साठवणीत नाही. म्हणजे कॅमेरा बंद करून चालू केला की तो पुसला जायचा. पण पासवर्ड तोच राहिल्यामुळे थोड्याच वेळात पुन्हा आत शिरायचा. घरमालकाला यातलं काहीच दिसत नव्हतं. कॅमेरा दाराबाहेरचं चित्र नेहमीसारखं दाखवत होता.

डेंग्यूच्या दिवसांत पालिकेचे कर्मचारी घरोघरी येऊन पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात. आपल्या ताटलीतल्या पाण्यात वाढलेला डास शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलाला चावू शकतो, म्हणून आपल्या खासगी बाल्कनीत सरकारी माणूस डोकावला तरी आपण ते मान्य करतो. मिराईने दाखवलं ते नेमकं हेच. मात्र डासाच्या बाबतीत आपल्या अंगालाही धोका असतो, म्हणून माणूस ऐकतो. इथे नुकसान परक्याचं होत असेल तर घरातल्याने वेळ का घालवावा, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर असं, की एकदा आत शिरायचा रस्ता मिळाला की शिरणारा घरातल्या माणसालाही सोडत नाही.

‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखलं जाणारं खंडणीचं सॉफ्टवेअर याचा पुरावा आहे. रॅन्समवेअर म्हटलं की आपल्याला इस्पितळं, बंदरं, मोठ्या कंपन्या आठवतात. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’च्या तडाख्यात मर्स्क कंपनीचा कारभार बसला तेव्हा तिचं न्हावा-शेवा बंदरातलं टर्मिनलही अडकलं होतं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाचकाला ते माहीत आहे. स्टॉपचं लक्ष्य मात्र घरगुती कॉम्प्युटर हेच होतं, आणि पसरायला त्याने निवडलेला मार्ग आपल्याकडे घरोघरी वापरला जाणारा : विंडोज, ऑफिस, फोटोशॉप फुकटात चालू करून देणारे ‘क्रॅक’ आणि ‘अ‍ॅक्टिव्हेटर’. गल्लीतल्या दुकानातून जोडून घेतलेल्या पीसीवर ‘विंडोज टाकून’ देण्याची आपली पद्धत सर्वांना ठाऊक आहे. क्रॅक चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करा, अशी सूचना बहुधा सोबतच असते आणि वापरणारा ती निमूट पाळतो. म्हणजे कुलूप घरातलाच माणूस काढून देतो. मग एखाद्या दुपारी लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, पोरांच्या गुणपत्रिका अशा प्रत्येक फाइलच्या नावाला एक परकं शेपूट लागलेलं दिसतं, फाइल उघडत नाही आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक छोटी चिठ्ठी पडलेली असते. तेव्हा किंमत ९८० डॉलर होती. ७२ तासांत संपर्क केला तर निम्मी, ४९०. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘एम्सिसॉफ्ट’ या कंपनीने यातल्या १४८ प्रकारांवर मोफत उतारा काढला. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टनंतरच्या आवृत्त्यांत कुलूप अधिक भक्कम झालं, आणि हल्लेखोराच्या सर्व्हरवर प्रत्येक कॉम्प्युटरसाठी बनलेल्या किल्लीने बंद झालेल्या फाइल तिच्याविना उघडण्याचा मार्ग उरला नाही. त्याहून वाईट म्हणजे अनेकदा याच्याबरोबर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारा दुसरा प्रोग्रामही आत सोडलेला असे. फाइल गेल्याचं दुःख करत बसलेल्या माणसाला आपली ई-मेलची किल्लीही गेली आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

आणि ‘आमच्याकडे काय आहे’ या प्रश्नाचं उत्तर डाउनलोड्सचा फोल्डर उघडल्यावर मिळतं. फॉर्म भरताना उतरवलेली आधारची पीडीएफ, पॅनचा स्कॅन, रद्द केलेल्या चेकचा फोटो, भाडेकरार, सहीचा वेगळा कापून ठेवलेला तुकडा. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची इंग्रजी पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल, हे सगळ्यांनाच माहीत असतं आणि दोन्ही गोष्टी शेजारच्या पॅनवर छापलेल्या असतात. एखाद्याच्या नावाने सिमकार्ड घ्यायला, कर्ज काढायला, खातं उघडायला लागणारा संच आपण एकाच जागी रचून ठेवलेला असतो.

घर आणि कचेरी यांच्यातली भिंत पातळ झाल्यापासून घरचा कॉम्प्युटर ही खासगी बाब राहिलेलीच नाही. २०२२ मधली लास्टपासची घटना मी या संदर्भात सर्वांत बोलकी मानतो. लोकांचे पासवर्ड सांभाळून ठेवणं हाच या कंपनीचा धंदा. तिच्या महत्त्वाच्या साठ्याच्या किल्ल्या फक्त चार अभियंत्यांकडे होत्या. हल्लेखोर कंपनीच्या दारावर धडका देत बसले नाहीत; ते त्यांतल्या एका अभियंत्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर गेले. सिनेमे-गाणी घरात पाहण्या-ऐकण्यासाठी त्याने ‘प्लेक्स’ नावाचं सॉफ्टवेअर ठेवलं होतं. त्यातली फट बुजवणारी दुरुस्ती मे २०२० मध्येच आली होती. प्लेक्सच्या म्हणण्यानुसार त्यानंतर सुमारे ७५ आवृत्त्या निघाल्या होत्या आणि त्याने ती दुरुस्ती घेतलेलीच नव्हती. त्या फटीतून शिरलेल्यांनी कीबोर्डवर दाबलेल्या कळा टिपणारा प्रोग्राम बसवला, मुख्य पासवर्ड टिपला आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती नेल्या. मनोरंजनाच्या एका सॉफ्टवेअरवरचं ‘नंतर आठवण करा’ हे बटण जगभरच्या अनोळखी माणसांना महागात पडलं. आज पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात कितीतरी घरांतून कचेरीचं काम चालतं, आणि त्याच वाय-फायवर मुलांचे खेळ, स्वस्तातला कॅमेरा आणि टीव्हीचा डबाही असतो.

आता दुसरी बाजू. सुरक्षेचे सल्ले धुडकावणारा सामान्य माणूस मूर्ख नसतो, हे सांगणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद मायक्रोसॉफ्टच्याच संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ मध्ये मांडला. अमेरिकेतल्या इंटरनेट वापरणाऱ्या १८ कोटी प्रौढांनी सुरक्षेच्या सल्ल्यांसाठी रोज एकच मिनिट दिलं, तरी त्या वेळेची किंमत वर्षाला सुमारे १६ अब्ज डॉलर होते. ज्या धोक्यांपासून वाचायला हे सल्ले दिले जातात त्यांतलं ग्राहकांचं प्रत्यक्ष नुकसान याच्या कितीतरी खाली आहे. मग लोक सल्ला ऐकत नाहीत यात आश्चर्य कसलं? हा हिशेब मला पटतो, आणि सुरक्षेबद्दल कळकळीने बोलणाऱ्या प्रत्येकाने तो आधी पचवला पाहिजे. कारण सल्ल्यांचा बराचसा ढीग निरुपयोगीच होता. पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवं आणि तो ठरावीक काळाने बदलावा, ही वहिवाट ज्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेमुळे रूढ झाली ती बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिली होती. २०१७ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’शी बोलताना त्यांनीच त्यातल्या बऱ्याच भागाबद्दल खेद व्यक्त केला. सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा एक आकडा पुढे सरकवतो. त्याच वर्षी ती मार्गदर्शिका सुधारली गेली आणि लांबीला महत्त्व आलं. आपल्याकडच्या अनेक संकेतस्थळांना ही बातमी अजून पोहोचलेली दिसत नाही.

पण हर्लींचा हिशेब भारतात जसाच्या तसा लागू होत नाही, आणि माझा मतभेद तिथे सुरू होतो. अमेरिकेत खात्यातून परस्पर पैसे गेले तर कायद्याने ग्राहकाची जबाबदारी फार मर्यादित असते. बहुतेक फटका बँक सोसते, म्हणून ग्राहकाचं सरासरी नुकसान कमी दिसतं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिलं. चूक बँकेची असेल, किंवा बँक आणि ग्राहक दोघांचीही नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भार नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करणंही बँकेकडे. चांगला नियम आहे. मात्र त्यातच पुढे म्हटलंय, की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे त्याने आपले गोपनीय तपशील दुसऱ्याला दिल्यामुळे, नुकसान झालं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याचा. ओटीपी सांगितला, अ‍ॅप उतरवून स्क्रीन दुसऱ्याच्या हाती दिली, की माणूस या कलमात सापडतो. शिवाय सरासरीच्या हिशेबात एक क्रूरपणा असतो. लाखो लोकांचं काहीच जात नाही आणि एखाद्या निवृत्त शिक्षिकेची ग्रॅच्युइटी एका दुपारी जाते. भागाकार केला की आकडा क्षुल्लक येतो. आपण घराला आग लागण्याचा विचार सरासरीने करत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. केंद्रीय गृहखात्याने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांनी २२ हजार ८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हा आकडा ७ हजार ४६५ कोटी होता. यातला बराच पैसा कुणी कॉम्प्युटर फोडून नेलेला नाही. फोनवर पोलीस, सीबीआय, कुरिअर कंपनी असल्याचं सांगून, ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून किंवा शेअर बाजाराच्या आमिषाने लोकांकडूनच तो भरून घेतला गेला. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना यावर बोलावं लागलं. मग अपडेट आणि पासवर्ड यांचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर ते रास्त आहे. घाबरलेल्या माणसाला अँटीव्हायरस वाचवत नाही, हे मान्यच करायला हवं. तरीही ही भीती खरी वाटते कशामुळे, ते पाहावं. पलीकडचा माणूस पूर्ण नाव, पत्ता, आधारचे आकडे अचूक सांगतो. ती माहिती कुठल्या ना कुठल्या गळतीतून आलेली असते. बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांचे तपशील २०२० मध्ये, डॉमिनोजच्या भारतातल्या ग्राहकांचे २०२१ मध्ये बाहेर आले. काही कंपन्यांकडून गळते, काही आपल्याच मेलबॉक्समधून. आणि अनेक प्रकरणांत शेवटची पायरी तांत्रिकच असते. दुरून स्क्रीन चालवू देणाऱ्या ‘एनीडेस्क’सारख्या अ‍ॅपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं, अलीकडे लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल हे त्याचंच धाकटं भावंड. आपल्या स्क्रीनवर या क्षणी आणखी कोण आहे हे माहीत असणं, हीसुद्धा कॉम्प्युटरची सुरक्षाच आहे.

‘बँकाच फुटतात, तिथे आमचं काय?’ हेही ऐकू येतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले, त्यांतले बहुतेक २८ देशांतल्या एटीएममधून. पण तो हल्ला बँकेच्या यंत्रणेवर महिनोन्‌महिने डोळा ठेवू शकणाऱ्यांचा होता आणि बँकेने ग्राहकांच्या खात्यांना झळ लागली नसल्याचं सांगितलं. तसा हल्लेखोर कुणाच्या बैठकीच्या खोलीसाठी तयारी करत नाही. घरावर येतो तो मिराईसारखा, लाखो दारांची कडी हलवून पाहणारा आणि न उघडणारं दार सोडून पुढे जाणारा. म्हणूनच घरी थोडक्या उपायांचा परिणाम त्यांच्या आकारापेक्षा मोठा असतो. गुगलने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खात्याला केवळ फोनवर येणाऱ्या एसएमएस कोडची दुसरी पायरी जोडल्याने स्वयंचलित हल्ले सगळेच्या सगळे, सरसकट फसव्या मेलचे हल्ले ९६ टक्के आणि नेम धरून केलेलेही ७६ टक्के अडले.

हर्लींची कसोटी लावून, म्हणजे एकदाच करावं लागणारं किंवा आपोआप होणारं तेवढंच धरलं, तर यादी फार लहान होते. मुख्य ई-मेलला इतर कुठेही न वापरलेला लांब पासवर्ड आणि ही दुसरी पायरी, कारण बाकी बहुतेक खात्यांचा ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येऊन थांबतो. राउटर आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातला पासवर्ड बदलणं. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि काम झालं की तिची वायर काढून ठेवणं; जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला तितकीच दिसते. क्रॅक बंद, पैसे नसतील तर लिबरऑफिससारखी मोफत आणि कायदेशीर सोय आहे. आणि अपडेट आपोआप होऊ देणं. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ने जगभर लाखो कॉम्प्युटर अडवले, तेव्हा त्यावरची दुरुस्ती १४ मार्चलाच, जवळजवळ दोन महिने आधी, उपलब्ध झालेली होती. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन तासाभरात करावा, दुसऱ्या दिवशी नाही. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच गोठवता येतात.

एवढं सगळं सांगताना ओझं मात्र योग्य खांद्यावर ठेवलं पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं थांबवलं. विंडोज ११ साठी लागणारी चिप आणि प्रोसेसर नसल्यामुळे चांगले चालते कितीतरी कॉम्प्युटर एका तारखेत असुरक्षित ठरले. आणखी एका वर्षाची मुदतवाढ नोंदणी करणाऱ्यांनाच, हे घरात एकटा पीसी वापरणाऱ्या सत्तरीच्या माणसाला कोण समजावणार? केबलवाला राउटर लावून जातो तेव्हा पासवर्ड कसा बदलायचा हे मराठीत दाखवणं त्याच्या कामात का धरलं जात नाही? ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच ठरावीक पासवर्ड असलेली घरगुती उपकरणं विकायला कायद्याने बंदी केली आणि सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळतील हे जाहीर करणं उत्पादकांवर बंधनकारक केलं. भारतानेही एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या तपासणीतून जाणं सक्तीचं केलं आहे. जिन्यात आणि दारावर आधीच लागलेले कॅमेरे त्यातून सुटले, आणि राउटर विकत घेताना ग्राहकाच्या हाती आजही काही ठोस नसतं. खोक्यावर एमआरपी छापलेली असते, उत्पादनाचा महिना आणि ग्राहक-तक्रारीचा पत्ता छापलेला असतो. त्याच्याच खाली अपडेट बंद होण्याची तारीख छापून घेण्याची मागणी ग्राहक पंचायतींनी आणि गृहनिर्माण सोसायट्यांनी आता लावून धरायला हवी.